मावशीच्या हाताचा रिपोर्ट

आयसीयूत मला सगळे घाबरायचे आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. मी इन-चार्ज सिस्टर. चादरीला सुरकुती दिसली की माझं तोंड सुटायचं. औषधांच्या ट्रॉलीवर कापसाचा बोळा जरी इकडचा तिकडे झाला तरी मला कळायचं. नवीन मुली माझ्या पाठीमागे मला काय म्हणायच्या ते मला ठाऊक होतं आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. पण वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या चुकीमुळे एकाही पेशंटला इजा झालेली नाही, असं मी कुणालाही ठासून सांगायचे. ऐकणाऱ्याने विचारलेलं नसलं तरी सांगायचे.

आमचं हॉस्पिटल चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आजूबाजूला कंपन्या, म्हणून पेशंटही कंपन्यांचेच. पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये सापडलेले हात, भाजलेल्या पाठी, शिफ्ट संपवून घरी जाताना ट्रकखाली आलेल्या दुचाक्या. हॉस्पिटल चालवणारे साहेबसुद्धा कंपनीतूनच आलेले. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी क्वालिटी डिपार्टमेंट सांभाळलं होतं. आल्या आल्या त्यांनी जमिनीवर पिवळे पट्टे मारून घेतले, प्रत्येक कपाटाला लेबल लावलं आणि काइझेन सुरू केलं. काइझेन म्हणजे कामगाराने स्वतःच्या डोक्याने कामात केलेली छोटी सुधारणा. ज्याची सुधारणा पसंत पडेल त्याचा फोटो कॉरिडॉरमधल्या बोर्डावर लागायचा. डॉक्टर लोक हसायचे. मी हसले नाही. माझे वडील पिंपरीत कारखान्यात होते. अशा बोर्डावर एकदा तरी नाव यावं म्हणून त्यांनी काय काय केलं ते मी पाहिलेलं होतं.

माझा फोटो लागला तो फ्लशच्या बाटलीमुळे.

आयसीयूतल्या पेशंटच्या मानेतल्या मोठ्या शिरेत एक नळी घातलेली असते. तिच्यातून औषधं जातात. औषध देऊन झालं की नळीत थोडं सलाइन सोडायचं, नाहीतर आत रक्त गोठून ती बंद पडते. याला आम्ही फ्लश करणं म्हणतो. नियमाप्रमाणे दर वेळी सलाइनची नवी छोटी अँप्यूल फोडायची, नवी सिरिंज घ्यायची. अकरा बेड आणि एका शिफ्टला तीन मुली, त्यातली एक नेहमी रजेवर. कोण फोडत बसणार? मी पद्धत घालून दिली. सकाळी सलाइनची एक मोठी बाटली घ्यायची, तिच्यात रक्त न गोठण्याचं औषध मिसळायचं, बुचात एक सुई टोचून ठेवायची आणि दिवसभर सगळ्यांनी तिच्यातूनच ओढून घ्यायचं. बाटलीवर पांढरी पट्टी, पट्टीवर वळणदार अक्षरात तारीख, वेळ आणि माझी सही. साहेबांनी ती बाटली हातात धरून माझ्याबरोबर फोटो काढला. माझ्या हाताखाली तयार झालेल्या मुली पुढे भोसरीला, चिंचवडला, तळेगावला इन-चार्ज झाल्या तेव्हा ही पद्धत त्यांनी बरोबर नेली. मला त्याचाही अभिमान होता.

आता मावशीबद्दल. हॉस्पिटलात लादी पुसणाऱ्या, पेशंटचं अंथरूण बदलणाऱ्या सगळ्याच बायकांना मावशी म्हणतात, पण ही दापोडीत आमच्याच गल्लीतली. रेल्वेलाइनच्या कडेला आमच्यापासून चार दारं सोडून तिचं घर. माझी आई आणि ती विहारात शेजारी शेजारी बसायच्या. तिचा नवरा गेल्यावर आईने माझ्यामागे भुणभुण लावली आणि मी ठेकेदाराला सांगून तिला आयसीयूत लावून घेतलं. कामाला वाघ होती. तिची एकच खोड माझ्या डोक्यात जायची. पेशंटला भरवताना ती हातमोजा काढून टाकायची. रबर ओठाला लागलं की माणूस तोंड मिटून घेतो, असं तिचं म्हणणं. हात धुऊन धुऊन तिच्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी कायम सोललेली असायची. मी तिला चार लोकांत झापायचे. ती हो म्हणायची, मोजा घालायची आणि माझी पाठ फिरली की काढायची.

आजार आला तो एका भाजलेल्या पेशंटपासून. त्याचा ताप उतरेना म्हणून रक्त तपासायला पाठवलं, तर त्यात क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला. हा जंतू आम्हाला नवा नव्हता. नवी होती ती रिपोर्टवरची यादी. एकामागून एक औषधांची नावं आणि प्रत्येकासमोर तोच शेरा, की हा जंतू या औषधाला दाद देत नाही. अगदी शेवटचं म्हणून राखून ठेवलेलं इंजेक्शनही त्यात होतं. तो पेशंट गेला. त्याच आठवड्यात दुसऱ्याला ताप आला, मग तिसऱ्या बेडवरच्या आजींना. जंतू तोच, यादी तीच. ती दोघं कशीबशी तगली, पण आयसीयूतच राहिली.

चौथा होता प्रेस शॉपमधला एक माणूस. परभणीकडचा, ठेकेदाराकडे कामाला. उजवा हात मनगटापासून गेलेला, बरगड्या मोडलेल्या. तो मात्र सुधारत होता. व्हेंटिलेटर निघाला होता, तो बोलायला लागला होता आणि फक्त मावशीच्या हातून जेवायचा. ती त्याला मुगाची पेज भरवायची आणि तो तिला गावाकडच्या गोष्टी सांगायचा. त्याला वॉर्डात हलवायचं ठरलं त्या सकाळी थंडी वाजून ताप भरला. दुपारी रक्तदाब उतरला. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याची बायको काचेबाहेर उभी होती आणि हात तुटल्यावर माणूस तापाने कसा मरतो, असं ती प्रत्येकाला विचारत होती. मला विचारलं तेव्हा मी काहीतरी वैद्यकीय भाषेत बोलले आणि आत गेले.

आमच्या जंतूशास्त्राच्या मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या. तरुण, बोलायला मऊ, पण कामात माझ्यापेक्षा चिवट. त्यांनी आयसीयूतल्या प्रत्येक वस्तूचे नमुने घेतले. बेसिन, बेडच्या कडा, व्हेंटिलेटरच्या नळ्या, सगळ्यांचे हात. ट्रॉलीपाशी येऊन त्यांनी फ्लशच्या बाटलीकडे बोट दाखवलं. मी म्हणाले, घ्या की, आमचं गंगाजल आहे ते. मुली हसल्या. मॅडम हसल्या नाहीत.

चार दिवसांनी उत्तर आलं. जंतू दोन ठिकाणी सापडला होता, बाटलीत आणि मावशीच्या हातावर.

इथे मी जे केलं ते नीट सांगायला हवं. बाटलीत जंतू सापडलाय हे मी वाचलं. माझ्या डोळ्यांनी वाचलं. आणि पुढच्याच क्षणाला माझ्या डोक्यात गोष्ट तयार झाली की रोज सकाळी ट्रॉली कोण पुसतं? मावशी. बाटलीला हात कुणाचा लागतो? मावशीचा. मोजे कोण घालत नाही? साहेबांच्या मीटिंगमध्ये मी हे असं ओळीने मांडलं. मी किती दिवस सांगत होते, हेही वर जोडलं. मॅडम म्हणाल्या की हाताचा आणि बाटलीचा जंतू एकच आहे असं एवढ्यावरून म्हणता येणार नाही, सगळे नमुने पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलेत, तिथे जंतूची जनुकं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात, तोवर थांबा. आणि बाटली मात्र आजच बंद करा. साहेबांनी विचारलं, त्याला किती दिवस लागतील? मॅडम म्हणाल्या, काही आठवडे. साहेबांच्या कारखान्यात काही आठवडे कुणी थांबत नसे.

ठेकेदाराने दुसऱ्या दिवशीच मावशीला काढलं. ती माझ्याकडे आली. लिफ्टपाशी उभी राहून तिने एवढंच विचारलं, माझ्या हातानं झालं का? मी म्हणाले, रिपोर्टमध्ये आलंय मावशी, मी काय करू. तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि ती जिन्याने खाली गेली.

तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही. आमच्या पट्ट्यातल्या हॉस्पिटलांच्या इन-चार्ज सिस्टरांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे मी मावशीच्या नावानिशी लिहिलं की हिच्या हातावर असा असा जंतू सापडला आहे, पेशंटजवळच्या कामावर घेऊ नये. खाली अंगठेच अंगठे आले. पेशंटच्या भल्यासाठी लिहिलं असं मला वाटत होतं, आणि त्यात लबाडी नव्हती, हे आणखी वाईट.

बाटली मी बंद केली नाही. जुनी फेकली, नवी घेतली, दिवसातून दोनदा बदलायला सांगितली आणि ट्रॉलीला मावशा लोकांनी हात लावायचा नाही असा कागद चिकटवला. मॅडमना म्हणाले, हो, बघते.

मावशीला जाऊन तीन आठवडे झाले आणि पाचव्या पेशंटला ताप आला. पंचविशीतली मुलगी, मारुंजीला राहणारी, कॉम्प्युटरच्या कंपनीतली, अपघात होऊन आलेली. जंतू तोच. मॅडमनी तिचाही नमुना पुण्याला पाठवला. मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणाले, मावशीने मागे सोडलेला असणार, कुठल्यातरी फटीत. असं बोलताना मला स्वतःचाच आवाज जरा मोठा वाटला. ती मुलगी नऊ दिवस झुंजली आणि गेली. तोवर तिची आई रोज मला वाकून नमस्कार करायची.

त्यानंतर पुण्याचा रिपोर्ट आला. मॅडमनी मला एकटीलाच लॅबमध्ये बोलावलं. माझ्यासाठी स्टूल ओढलं, एका रिकाम्या फॉर्मच्या पाठीमागे पेनने रेघा मारत त्या समजावायला लागल्या. एका जंतूच्या जनुकांत पन्नास लाखांच्या वर अक्षरं असतात. जंतूची पिढी बदलते तसं नक्कल करताना एखादं अक्षर चुकतं. दोन जंतूंमध्ये दोन-चार अक्षरांचाच फरक असेल तर ते एकाच घरातले, नुकते वेगळे झालेले. हजारो अक्षरांचा फरक असेल तर त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. पाचही पेशंटचे जंतू आणि बाटलीतला जंतू एकाच घरातले होते. मावशीच्या हातावरचा हजारो अक्षरांनी लांबचा.

"आडनाव एक आहे सिस्टर, भावकी वेगळी," मॅडम म्हणाल्या.

मी म्हणाले, मशीन चुकलं असेल. त्यांनी वाद घातला नाही, रेघा पुढे काढल्या. सगळ्यात आधीचा जंतू भाजलेल्या पेशंटचा. त्याला लागून बाटलीतला. आणि बाटलीपासून फांद्या फुटाव्या तसे बाकीचे चार. पाचवी मुलगीसुद्धा. मग त्यांनी मला विचारलं, नळी अडकली की तुमच्या मुली काय करतात?

उत्तर मला त्यांनी विचारायच्या आधीच ठाऊक होतं. नळी अडकली की सिरिंज मागे ओढतात. थोडं रक्त आत येतं. मग ढकलतात, सलाइन कमी पडतं आणि घाईत तीच सिरिंज पुन्हा बाटलीच्या सुईला लावून भरून घेतात. रक्ताचा एक न दिसणारा अंश बाटलीत जातो आणि बाटली अकरा बेड फिरते. बाटली नवी घेतली तरी काही फरक पडत नाही, जंतू असलेला पेशंट समोरच झोपलेला असतो. हे मी किती वेळा होताना पाहिलं होतं. मी स्वतः केलं होतं. भाजलेल्या पेशंटची नळी सारखी अडकायची. त्या दिवशी तो हात माझा होता की मुलींपैकी कुणाचा, ते पुण्याचं मशीनही सांगणार नाही. पण पद्धत कुणाची ते पट्टीवर सहीनिशी लिहिलेलं होतं.

मला रडू आलं नाही. आधी राग आला, मॅडमचा, साहेबांचा, त्या फोटोचा. मग मी तो रेघांचा कागद घडी घालून खिशात टाकला.

साहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, रूट कॉज मिळालं ना, मग झालं; बाटली आजपासून बंद, सगळ्यांचं ट्रेनिंग घ्या आणि पॉइंट क्लोज करा. मी विचारलं, गेलेल्या पेशंटच्या घरच्यांना? ते म्हणाले, ते वकिलांना विचारून बघू. मी विचारलं, मावशी? त्यांनी क्षणभर आठवून पाहिलं. ती आपल्या रोलवर नव्हतीच, म्हणाले, ठेकेदाराची होती. बोर्डावरचा माझा फोटो त्याच दुपारी कुणीतरी काढला.

रविवारी मी दापोडीला गेले. आईलाही सांगितलं नव्हतं. मावशीच्या दारात तिची सून धुणं पिळत होती. मला पाहून तिने पदराला हात पुसले आणि ती बाजूला झाली. मावशी आत भिंतीला टेकून बसली होती. गल्लीत ती मला लहानपणापासून पोरी म्हणत आली होती. त्या दिवशी म्हणाली, "या सिस्टर, बसा."

तिचे हात मी पाहिले. फरशी पुसायच्या औषधाने ती ते धूत होती, दिवसातून कितीदा ते सुनेलाही मोजता येत नव्हतं. चिरा पडून रक्त सुकलं होतं. भाकरी ती थापत नव्हती. ताट वेगळं, तांब्या वेगळा. सुनेने सांगितलं की आम्ही कुणी असं करायला लावलं नाही ताई, त्यांनीच धरून ठेवलंय. कामासाठी ती तीन हॉस्पिटलांत जाऊन आली होती. तिन्ही ठिकाणी नाव सांगितल्यावर थांबायला सांगितलं आणि मग जागा भरली म्हणाले.

मी सांगितलं. चहा येण्याच्या आधी सांगितलं, कारण चहा घेऊन झाल्यावर माझी हिंमत गेली असती. जंतू बाटलीचा होता, तुझ्या हातावरचा वेगळा, दुसऱ्याच घरातला. त्याने कुणालाही काही केलेलं नाही. बाटली माझी. ती ऐकत राहिली. मी दोनदा सांगितलं. मग मी घाईने म्हणाले की ग्रुपवरसुद्धा लिहिते, आत्ता लिहिते, आणि फोन काढून बसले.

लिहिलेलं सुनेला वाचायला दिलं. तिने मोठ्याने वाचलं. सखोल तपासणीनंतर कामाच्या पद्धतीत त्रुटी आढळली असून सदर मावशींचा त्यात दोष नसल्याचे निष्पन्न झाले आहे.

"पद्धत कुणाची?" मावशीने विचारलं.

मी खोडलं. नव्याने लिहिलं की फ्लशची एकच बाटली सगळ्यांना वापरायची पद्धत मी सुरू केली, जंतू तिच्यातून पसरला. मावशीचं नाव मी चुकीने घेतलं. सून वाचत होती. मावशी म्हणाली, "मेलेल्यांचं न्हाई लिवलं?"

मी तेही लिहिलं. पाच जणांना लागण, त्यातले तीन गेले. बोट पाठवायच्या खुणेवर आलं आणि थांबलं. मला नोकरी दिसली, साहेब दिसले, माझ्याकडून शिकलेल्या सगळ्या मुली दिसल्या. मावशी माझ्याकडे बघत नव्हती, सुनेकडेही नाही. मी पाठवलं.

या वेळी अंगठे आले नाहीत. मग फोन वाजला. माझ्याच हाताखाली शिकलेली, आता भोसरीला इन-चार्ज असलेली मुलगी. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणाली, "सिस्टर, आमच्याकडे अजून तीच बाटली चालू आहे. तुम्हीच शिकवली होती."

मी म्हणाले, आत्ता जा आणि ओतून दे. ती विचारत राहिली की आमच्याकडे दोन जणांना ताप आहे, तो त्याचाच असेल का. मी म्हणाले, तपासायला पाठव. दुसरं काय सांगणार होते? फोन ठेवला आणि मी माझे दोन्ही हात मांडीखाली लपवले.

मावशीला ते दिसलं. ती माझ्या जवळ सरकली.

"इतके दिवस मला वाटायचं, त्या परभणीच्या लेकराला मी मारलं," ती म्हणाली. "पेज भरवून मारलं. झोप लागायची न्हाई. हात तोडून टाकावं वाटायचं." आता तिने माझ्याकडे पाहिलं. "आता तुला तसं वाटंल. दुपारचं लई वाटतं, घरात कुणी नसलं की. तवा एकटी बसू नको. हिकडं येत जा."

मी मान हलवली. सुनेने चहा आणला. तो मावशीने तिच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या त्या फुटलेल्या हातांनी माझ्यापुढे धरला. कप घेताना माझी बोटं तिच्या बोटांना लागली आणि तिला काही लागू नये म्हणून मला माझाच हात मागे ओढून घ्यावासा वाटला.